गोव्यात लघुपट लिहिताना: पटकथा, कागदपत्रं आणि महोत्सव

गोव्यात पटकथा लिहायला घेणारे बहुतेक जण रंगमंचावरून येतात. जत्रेतलं नाटक, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, कॉलेजची एकांकिका. तिथे कान तयार होतो, संवाद सुचायला लागतात, तालमीची शिस्त अंगात येते. ही पुंजी मोठी आहे. पण लघुपटात लेखकाचं काम संवाद लिहून संपत नाही, आणि शेवटचा ड्राफ्ट दिग्दर्शकाच्या हातात दिल्यावरही संपत नाही. कौलांवरच्या पावसात माइक काय पकडतो, करारात कोणती ओळ नसली तर काय होतं, महोत्सव मिनिटं कशी मोजतात, हे ज्याला माहीत असतं त्याची पटकथा शूट होते आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत टिकतं.

आधी लांबी, मग गोष्ट

कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत कमाल लांबी १५ मिनिटं आहे. व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात २०, बर्लिनालेच्या शॉर्ट्समध्ये ३०, ऑस्करला ४०. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लघुपट ३० मिनिटांपर्यंतचा धरतात. बहुतेक ठिकाणी या मिनिटांत श्रेयनामावलीही मोजतात. १५ मिनिटांची पटकथा आणि दीड मिनिटाची नामावली झाली की फिल्म मर्यादेबाहेर गेली.

मर्यादेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाची रचना. महोत्सवात लघुपट एकेकटे लागत नाहीत, तासा-दीड तासाच्या एका खेळात सहा-सात फिल्म बसवतात. तुमची फिल्म २४ मिनिटांची असेल तर ती घेण्यासाठी निवड करणाऱ्याला आठ मिनिटांच्या तीन फिल्म सोडाव्या लागतात. तितकी ती चांगली असेलही, पण पहिल्याच लघुपटाला हे ओझं कशाला? पहिली पटकथा ८ ते १२ मिनिटांची लिहा. एक प्रसंग, एक निर्णय, आणि त्या निर्णयाने बदललेलं एखादं नातं, एवढंच या वेळात नीट मावतं. आजोबांच्या तरुणपणापासून नातीच्या लग्नापर्यंतची गोष्ट मावत नाही.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी कुरिअर फाँट, १२ पॉइंट, या मांडणीसाठी बनलेला आहे. देवनागरीत तो चुकतो: फाँट वेगळा, ओळींमधलं अंतर वेगळं, आणि मराठी कृतिवर्णन अनेकदा जास्त दाट लिहिलेलं असतं. म्हणून स्टॉपवॉच लावा. संवाद मोठ्याने, पात्राच्या गतीने वाचा. कृती असेल तिथे ती खरंच करून बघा: माजघरातून विहिरीपर्यंत चालत जाऊन कळशी भरून या. कागदावर एक ओळ असलेली ही कृती पडद्यावर सहज मिनिटभर खाते. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागून रॅम्प खाली येईपर्यंतचा वेळ तुमच्या दृश्यात असेल, तर तिथे उभं राहून मोजा. आलेल्या बेरजेत नामावलीचं एक मिनिट धरा.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, पण पहिल्याच दिवशी दोन पानांचं देवनागरी लिहून पीडीएफ काढून बघा. काही फाँटमध्ये जोडाक्षरं तुटतात किंवा त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात, आणि हे नेमकं अर्ज भरायच्या रात्री लक्षात येतं. नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल घेतलात तर ही अडचण सहसा येत नाही. दृश्याच्या शीर्षकात चार गोष्टी हव्यात: क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण, वेळ. एकाच जागेला सगळीकडे एकच नाव द्या. एकदा 'ओसरी', एकदा 'पडवी', एकदा 'घराचा दर्शनी भाग' असं लिहिलंत तर ब्रेकडाऊन (शूटसाठी दृश्यांची फोड आणि यादी) करणारा सहायक तीन लोकेशन धरतो.

नाटकाच्या सवयी कुठे आड येतात

नाटकात पात्राच्या मनातलं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शब्द लागतात. कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. त्यामुळे पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगू लागली की दृश्य तिथेच खोटं वाटायला लागतं. एक उदाहरण घेऊ. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा भाऊ फोंड्याजवळचं घर विकायला आलाय, बहीण त्या घरात राहते. नाटकी हाताने लिहिलेलं दृश्य असं येतं:

वसुधा: दादा, बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि तू घर विकायला निघालास? याच छपराखाली आपण लहानाचे मोठे झालो!
सुरेश: भावनेवर घर उभं राहत नाही, वसू. दर पावसाळ्यात कौलं परतायला मी मुंबईहून येऊ का?

हेच पडद्यासाठी:

दृश्य ४. आत. जुन्या घराचं माजघर. दुपार. बाहेर पाऊस.
सुरेश मोबाइलवर घराचे फोटो काढतोय. चौकटीच्या मधोमध एक पातेलं. वरून त्यात थेंब पडतायत.
सुरेश: वसू, ते पातेलं जरा बाजूला कर.
वसुधा पातेलं उचलते. थेंब लादीवर पडू लागतात. सुरेश फोटो काढतो, स्क्रीनवर बघतो, पुढच्या खोलीत जातो. वसुधा पातेलं होतं तिथेच परत ठेवते.

एका वाक्यात कळलं की घर गळतं, ते विकायचंय, गिऱ्हाइकाला गळती दिसू द्यायची नाही, आणि त्या गळतीसोबत जगणारी बहीणच आहे. वसुधाला एक शब्दही नाही, तरी दृश्य तिचं आहे. तुमच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक दृश्यासाठी अशी एखादी वस्तू शोधा, जी एका पात्राला हवी आहे आणि दुसऱ्याला नको आहे. ती सापडली की निम्मे संवाद आपोआप गळतात.

'तिला बाबांची आठवण येते', 'त्याच्या मनात अपराधी भाव दाटून येतो' अशा ओळी पटकथेतून काढून टाका. तिथे काय दिसतं आणि काय ऐकू येतं तेवढंच लिहा. उलट टोकाला जाऊन कॅमेऱ्याचे अँगल आणि लेन्सही लिहू नका, ते दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवतील. तुम्हाला जवळून दाखवायचं असेल तर वस्तूचं वर्णनच जवळून करा: 'पातेल्याच्या कडेला चुन्याचा पांढरा थर' असं लिहिलं की कॅमेरा तिथे जातोच.

शूट होईल असं लिहा

हेच दृश्य निर्मितीच्या नजरेने पुन्हा वाचू. खऱ्या पावसात शूट केलं तर कौलांवरचा आवाज इतका असतो की संवाद वापरता येत नाहीत, डबिंग करावं लागतं. दोन मिनिटांच्या वादाचं डबिंग म्हणजे दोघा कलाकारांना पुन्हा स्टुडिओत आणणं. एका वाक्याचं डबिंग अर्ध्या तासात होतं. जानेवारीत शूट केलं तर आढ्यावर बारीक भोकाचा डबा बांधून थेंब पाडता येतात, त्याखाली लादीवर पाणी पुसायला एक माणूस लागतो, आणि दाराबाहेर पाइपने पाऊस पाडायला दुसरा. पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून त्याच्या मागून प्रकाश लागतो. समोरून उजेड पडला तर खरा पाऊसही दिसत नाही, फक्त चित्र धुरकट होतं. हे सगळं लेखकाला माहीत असेल तर तो पाऊस दारातून आत पाहताना दाखवत नाही, आतून दाराबाहेर पाहताना दाखवतो.

पहिल्या लघुपटासाठी ढोबळ माप असं ठेवा: चालत जाता येईल अशी दोन लोकेशन, तीन पात्रं, रात्रीचं जास्तीत जास्त एक दृश्य. दहा मिनिटांच्या फिल्मला दोन दिवस आणि दहा-बारा माणसं पुरतात, म्हणजे रोज पाच मिनिटांचं काम. तिसरं लोकेशन डिचोलीत आणि बाकीचं मडगावात असेल, तर सामान बांधणं, प्रवास आणि पुन्हा लाइट लावणं यात अर्धा दिवस जातो. निर्माता त्या अर्ध्या दिवसासाठी तुमचं दृश्य कापतो, आणि बरेचदा नेमकं महत्त्वाचं कापतो. म्हणून आपणच आधी जुळवून लिहावं.

उजेडाचं गणित कॅलेंडरवर अवलंबून आहे. पणजीत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या पात्राचा चेहरा काळा पडतो. ते हवं असेल तर ठीक, नाहीतर दृश्य सकाळी घ्या. कुळागरात उजेड आणखी लवकर संपतो. माडा-पोफळींच्या दाट छायेत दुपारी चारनंतर छायालेखक दिवे मागू लागतो, आणि कुळागरात वीज सहसा हाताशी नसते. 'संध्याकाळ' असं लिहिण्याऐवजी 'दुपार' लिहून गोष्ट चालत असेल तर दुपारच लिहा.

रात्रीचं प्रत्येक बाह्य दृश्य म्हणजे दिवे, जनरेटर आणि जनरेटरचा आवाज लांब ठेवायला लांबलचक केबल. अनेक रात्रीची दृश्यं कातरवेळी नेता येतात. आकाशात निळसर उजेड असतानाची ती वीस-पंचवीस मिनिटं सुंदर असतात, पण त्यात एकच छोटा प्रसंग होतो, तीन पानांचा संवाद होत नाही.

आवाजाकडे लेखक फार कमी लक्ष देतात. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, दिवसभर कावळे, दाबोळीच्या परिसरात विमानं, देवळातली आरती, शेजारच्या घराचं बांधकाम. लोकेशन बघायला दिग्दर्शकासोबत तुम्हीही जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसा. जे ऐकू येईल ते पटकथेत घेता येतं का बघा. भोंगा टाळण्यासाठी धडपडण्यापेक्षा पोदेर आल्यावर थांबलेलं बोलणं जास्त खरं वाटतं.

महिनाही निवडा. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात माणूस मिळत नाही, प्रत्येकाला घरी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायची असते. शिगम्याच्या पंधरवड्यात गावोगावचे कलाकार मांडावर (लोककला सादर करण्याच्या गावातल्या जागी) असतात. नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे तंत्रज्ञ आणि साहित्य दोन्ही अडकलेलं असतं, नाताळ ते नववर्षात राहण्याचे दर आणि रस्त्यावरची गर्दी परवडत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, कार्निव्हलच्या तारखा वगळून, हा सर्वांत निवांत काळ.

लहान मुलं, जनावरं आणि परवानग्या

पटकथेतल्या काही शब्दांची किंमत कागदपत्रांत मोजावी लागते. लहान मूल असेल तर बालकामगार नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम विश्रांतीशिवाय घेता येत नाही. मुख्य पात्रच आठ वर्षांचं असेल तर दोन दिवसांचं शूट चार दिवसांचं होतं. पाळलेला कुत्रा दृश्यात 'काम' करणार असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मंजुरी पुढे सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी मागतात. पात्र सिगारेट ओढत असेल तर पडद्यावर इशारा येतो, आणि नेमक्या हळव्या क्षणी तो इशारा दिसणं कुणालाच नको असतं. हे सगळं टाळाच असं नाही. गोष्टीला ते खरंच हवं आहे का, एवढं आधी विचारा.

गोव्यात सार्वजनिक जागी चित्रीकरणासाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, म्हणजे ईएसजी, ही नोडल संस्था आहे. पणजीत जुन्या जीएमसीच्या आवारात तिचं कार्यालय आहे. अर्जासोबत सारांश, लोकेशनची यादी, तारखा आणि युनिटची माहिती लागते, आणि हा सारांश लेखकाकडूनच मागितला जातो. जुन्या गोव्यातलं बाँ जेझूस बासिलिका आणि से कॅथेड्रल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, त्यांची परवानगी वेगळी. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य वन खात्याकडे. फेरीबोटीवर शूट करायचं तर नदी परिवहन खातं. देवळासाठी देवस्थान समिती, आणि तिथे तोंडी होकारावर जाऊ नका: एका महाजनाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने शूटच्या सकाळी हरकत घेतली, असं होऊ शकतं. खासगी घराचंही तसंच. गोव्यात एकेका घराचे अनेक वाटेकरी असतात, जो तिथे राहतो त्याच्या सहीसोबत उरलेल्यांना निदान कळवलेलं असावं. फोन्तेन्हाससारख्या वस्तीत रहिवाशांना कॅमेऱ्यांचा त्रास आधीच पुरेसा आहे. तिथलं दृश्य केवळ रंगीत भिंतींसाठी असेल तर ते काढून टाकणं बरं.

मराठी की कोकणी

पात्र ज्या भाषेत चिडतं त्या भाषेत संवाद लिहा. गोव्यातल्या पुष्कळ घरांत बोलणं कोकणीत, वर्तमानपत्र आणि कीर्तन मराठीत असतं, आणि एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही येऊ शकतं. कोकणी बोलणाऱ्या घराला पुस्तकी मराठी बोलायला लावलं तर गोव्यातल्या प्रेक्षकाला ते पहिल्या मिनिटात खटकतं. फक्त अर्जात मुख्य भाषा एकच लिहावी लागते, म्हणून जास्त मिनिटं कोणत्या भाषेची आहेत ते मोजून ठेवा. गोवा राज्य चित्रपट महोत्सवात कोकणी आणि मराठी दोन्ही फिल्म येतात, त्यामुळे भाषेपायी दार बंद होत नाही.

हक्क आणि करार

मित्रामित्रांत लघुपट होतात, म्हणून करार राहून जातो, आणि फिल्मला बक्षीस मिळालं की मैत्री बिनसते. दोन पानं पुरतात, पण ती शूटच्या आधी सही झालेली हवीत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कल्पनेवर हक्क मिळत नाही, लिहिलेल्या पटकथेवर मिळतो, आणि तो लेखी, सही केलेल्या कागदाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. कलम १९ लेखकाने एकदा स्वतः वाचावं. हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते लेखकाकडे परत येतात. म्हणून 'सर्व माध्यमांतले सर्व हक्क कायमचे' अशी ओळ दिसली की थांबा. पहिल्या लघुपटासाठी फक्त या एका लघुपटापुरता हक्क द्या. त्याच गोष्टीवर पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट किंवा वेब मालिका होणार असेल तर नव्याने बोलणी होतील, असं स्पष्ट लिहा.

करारात आणखी चार गोष्टी हव्यात. श्रेय नेमकं कसं: 'कथा, पटकथा, संवाद' तिन्ही की त्यातलं काय. ते कुठे: फिल्म, पोस्टर, महोत्सवाचा अर्ज. पटकथेला पुरस्कार मिळाला तर रोख आणि स्मृतिचिन्ह कोणाचं. आणि दिग्दर्शकाने सेटवर संवाद बदलले तर सहलेखनाचं श्रेय मागता येईल का. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात. सोपा तोडगा असा की शूटिंग ड्राफ्टवर दोघांनी तारखेसह सही करायची, त्यानंतरचे बदल केवळ संवादातले फेरफार धरायचे, सहलेखन नाही.

नोंदणीचे दोन मार्ग. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झालात तर पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कोणताही ड्राफ्ट पाठवताना तो ईमेलनेच पाठवा, म्हणजे तारीख राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल दोन वर्षांनी शोधायला गेलात तर सापडत नाही.

दुसऱ्याच्या कथेवरून लिहीत असाल तर लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं परवानगी लागते, वारसांची सही आणावी लागते. गाण्यांचंही तेच. पारंपरिक धालो किंवा फुगडीचं गाणं तुमच्या कलाकाराने स्वतः म्हटलं तर चालतं, पण बाजारात आलेलं रेकॉर्डिंग वापरायचं तर कंपनीची परवानगी लागते. अनेक मांडे (मांडो हा कोकणी गाण्याचा प्रकार) मात्र कुणा एका संगीतकाराचे आहेत, त्यामुळे 'लोकगीत' असं लिहून मोकळं होण्यापूर्वी रचनाकार शोधा. यूट्यूबवरून उचललेल्या पार्श्वसंगीतामुळे चांगल्या फिल्म महोत्सवातून बाहेर जातात.

संकलनाच्या टेबलावर

पहिला जोडलेला कट लेखकाने बघावा आणि लेखी टिपणं द्यावीत, कागदावर टाइमकोडसह. बहुतेक लघुपटांची पहिली दीड मिनिटं निघून जाऊ शकतात: घराचे शॉट, रस्ता, चहा ओतणं, आणि मग गोष्ट. शेकडो फिल्म पाहणाऱ्या निवड समितीसमोर ही दीड मिनिटं महाग पडतात. गोष्टीतली अडचण पडद्यावर येईपर्यंतचा वेळ मोजा. तो दोन मिनिटांच्या वर असेल तर सुरुवात कापून ती अडचण अलीकडे आणा.

इंग्रजी सबटायटल लेखकाने स्वतः तपासावीत. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४० अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात. पात्र जे म्हणतं ते पूर्ण उतरवायचा अट्टहास नको, वाचून चेहरा बघायला वेळ उरला पाहिजे. सबटायटलची एसआरटी फाइल वेगळी ठेवा, आणि एक प्रत सबटायटल चित्रावर कोरलेली ठेवा. थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची प्रत, लागते. ती डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर बनवता येते, पण मोठ्या पडद्यावर एकदा चालवून पाहिल्याशिवाय पाठवू नका. लॅपटॉपवर ऐकू येणारा संवाद थिएटरमध्ये पार्श्वसंगीताखाली बुडतो, हा नेहमीचा दोष आहे.

महोत्सव निवडताना

अर्जांचा क्रम महत्त्वाचा, कारण काही महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडे हवं असतं. आधी मोठे आणि कठीण, त्यांचं उत्तर येईपर्यंत छोट्यांना हो म्हणायचं नाही. भारतात लघुपटांसाठी केरळचा आयडीएसएफएफके, मुंबईचा मिफ आणि बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव ही गंभीर नावं आहेत. मिफ दर दोन वर्षांनी होतो, तेव्हा वर्ष बघून आखा. बाहेर क्लेरमाँ-फेराँ आणि ओबरहाउझेन हे केवळ लघुपटांचे जुने महोत्सव. इफ्फीत इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातल्या नॉन-फीचर (लघुपट, माहितीपट) गटात जास्तीत जास्त २० फिल्म घेतात. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी त्या वर्षातलं सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, ते ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून काढतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून ते मिळेल अशी आशा ठेवू नये.

फिल्मफ्रीवे या महोत्सवांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर शुल्काचे टप्पे असतात, लवकर भरलं तर कमी. उशिराच्या टप्प्यात पैसे घालण्यात अर्थ नाही, तोवर बऱ्याच जागा भरलेल्या असतात. एक साधा तक्ता ठेवा: महोत्सव, शेवटची तारीख, शुल्क, लांबीची मर्यादा, प्रीमियरची अट, उत्तराची तारीख. अर्जासाठी तीन आकारांत सारांश तयार ठेवा: २५ शब्दांचा, ७५ शब्दांचा आणि १५० शब्दांचा. त्यात शेवट लपवू नका, निवड समितीला उत्सुकता लावायची नसते, गोष्ट सांगायची असते. पटकथा स्पर्धेत मात्र पानापानावरचं आपलं नाव काढा. अनेक ठिकाणी नाव दिसलं की प्रवेशिका बाद होते.

पैसे घेऊन पुरस्कार वाटणाऱ्या 'महोत्सवां'पासून तरुणांना वाचवणं गरजेचं आहे. दर महिन्याला विजेते जाहीर होतात, पण थिएटरचं नाव आणि खेळाचं वेळापत्रक कुठेच नसतं. विभाग पन्नासच्या वर असतात. निवड करणाऱ्यांची नावं दिलेली नसतात. जिंकल्याचा ईमेल येतो आणि सोबत ट्रॉफीचे दर येतात. यातल्या दोन खुणा दिसल्या तरी पैसे भरू नका. पोस्टरवर अशा पुरस्कारांच्या वीस पानमाळा (लॉरेल चिन्हं) असल्या की जाणकार निवडकर्ता उलट सावध होतो. खऱ्या थिएटरात, खऱ्या प्रेक्षकांसमोर झालेला एक खेळ त्या विसांपेक्षा मोलाचा.

नोव्हेंबरात पणजीत

२००४ पासून इफ्फी गोव्यात होतो, म्हणजे देशभरातले पटकथाकार प्रवासखर्च करून जिथे येतात ते ठिकाण आपल्याला कदंबा बसच्या तिकिटात गाठता येतं. डेलिगेट (प्रतिनिधी) नोंदणी ऑनलाइन होते, आयत्या वेळेवर ठेवू नका. दिवसाला चार चित्रपट पाहण्यापेक्षा दोन पाहा आणि लघुपटांचे खेळ चुकवू नका. दिग्दर्शक समोर असतो, प्रश्नोत्तरात 'हे दृश्य पटकथेत होतं की संकलनात सापडलं' असा नेमका प्रश्न विचारला की पुढे बोलणं होतं.

एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार हा चित्रपट प्रकल्पांचा बाजार २००७ पासून भरतो, आता त्याचं नाव वेव्ह्ज फिल्म बाजार आहे. त्याची नोंदणी डेलिगेट कार्डापेक्षा वेगळी आणि महाग असते. तुमच्याकडे पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा प्रकल्प तयार नसेल तर पहिल्या वर्षी तो खर्च टाळा. एनएफडीसीच्या स्क्रीनरायटर्स लॅब या पटकथा कार्यशाळेसाठी अर्ज करताना मात्र झालेला लघुपट हाताशी असणं उपयोगी पडतं. २०२१ मध्ये सुरू झालेला क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो हा उपक्रम ३५ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आहे, त्यात पटकथालेखनाचाही विभाग आहे आणि ४८ तासांत लघुपट करण्याचं आव्हान असतं. त्याची तयारी घरी करता येते: शनिवारी सकाळी विषय ठरवा, दुपारी चारपर्यंत तीन पानं लिहा, रविवारी मोबाइलवर शूट करा. वेळेच्या दाबाखाली कोणते संवाद आधी उडतात ते या सरावात कळतं.

खेळ संपल्यावर

महोत्सवांची फेरी साधारण दीड-दोन वर्षं चालते. तोवर फिल्म यूट्यूबवर टाकू नका, अगदी नातेवाइकांसाठीसुद्धा नाही. त्यांना पासवर्ड असलेली व्हिमिओ लिंक द्या आणि पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला. फेरी संपली की ऑनलाइन टाकण्याची तारीख निर्मात्याशी लेखी ठरवा. वर्णनात लेखकाचं नाव, सबटायटलची भाषा आणि झालेल्या खेळांची यादी घाला. शूटिंग ड्राफ्ट, नामावलीचा स्क्रीनशॉट, करार आणि निवडीचे ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या लॅबचा किंवा अर्थसाहाय्याचा अर्ज भरताना नेमकी हीच चार कागदपत्रं मागतात.